आरशासारखं दार

'पेनड्रॅगन' ही युद्धनौका जन्मली तीच म्हातारी. गोदीत तिच्यावर शेवटचा रंग चढत होता, तोवर दुसऱ्या एका गोदीतून नव्या घडणीची बोट पाण्यात उतरली. तिच्यावर मोठ्या तोफा हिच्या दुपटीहून जास्त आणि वेगही हिच्यापेक्षा जास्त. नवरी उंबरठ्याशी पोचायच्या आधीच सवत घरात येऊन बसावी, तशी गत झाली. खलाशी पेनड्रॅगनला पहिल्या वर्षापासूनच 'आजी' म्हणायला लागले.

आता ज्या बोटीला सर्वांत बलवान होता येत नाही, तिनं करावं काय? आजीनं सर्वांत चकचकीत व्हायचं ठरवलं. जिब्राल्टर असो की माल्टा, कुठल्याही बंदरात ती शिरली की शेजारच्या बोटींवरचे लोक डोळ्यांवर हात धरायचे, इतकं तिचं पितळ उन्हात तळपायचं. तोफा उडवल्या की रंग काळवंडतो, म्हणून तोफा उडवायच्या दिवशी अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सिसिलीत भूकंप झाला तेव्हा आजीनं जखमी माणसं पोटात घालून नेपल्सला पोचवली. ती उतरल्यावर पहिला हुकूम सुटला तो फरशा आणि दांडे घासायचा.

या घासण्यात पेट्रॉक नान्किव्हेलचा हात धरणारा कोणी नव्हता. पेट्रॉक कॉर्नवॉलमधल्या साल्टॅश गावचा, रुंद खांद्यांचा आणि कमी बोलणारा. खालच्या मजल्यावरची पुढची मोठी खोली त्याच्या ताब्यात होती. खलाशी तिथंच जेवायचे आणि तिथंच झोळ्या बांधून झोपायचे. या खोलीच्या मागच्या भिंतीत दोन पोलादी दारं होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येक दारामागे एक बोळ आणि बोळाच्या टोकाला खाली भट्ट्यांकडे जाणारी शिडी, शिवाय अडीअडचणीला वर निघायची एक अरुंद शिडी. डावं दार पेट्रॉकचं, उजवं जोएल हॅनफर्डचं. जोएल डेव्हनचा, म्हणजे टेमर नदीच्या पलीकडचा. एकमेकांना टोचायला एवढं कारण दोघांना आयुष्यभर पुरलं.

अशा दाराचं काम डब्याच्या झाकणासारखं असतं. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी, चौकटीला चारी बाजूंनी पोलादाची उभी कड. दार लावून खिट्ट्या पाचरींवर ठोकल्या की कड रबरात रुतते आणि पलीकडे समुद्र भरला तरी अलीकडे थेंब येत नाही.

पेट्रॉकनं विटेची पूड, तेल आणि काचकागद घेऊन हे दार वर्षानुवर्षं घासलं. पत्रा घासला, खिट्ट्या घासल्या, पाचरी घासल्या, कडही घासली. काळं रबर डोळ्यांत खुपायचं, म्हणून त्यावर पांढरा रंग ओढला. दर रविवारी पाहणी व्हायची. कमांडर स्टॅन्समोर पांढरे हातमोजे घालून फिरायचे आणि बोट कुठं मळतं ते बघायचे. एकदा खुद्द अॅडमिरल आले, दारासमोर थांबले आणि त्यात बघून त्यांनी मिशी सारखी केली. त्या दिवसापासून त्या दाराचं नाव 'नान्किव्हेलचा आरसा' पडलं. पेट्रॉक त्यातच बघून दाढी करायचा. जोएलनं आपलं दार किती घासलं, पण त्यात चेहरा नेहमी जरा वाकडा दिसायचा.

"दार वाकडं नाही," पेट्रॉक म्हणायचा, "जे आहे तेच दाखवतंय."

पुढं आजीला म्हातारपणामुळे टेमर नदीत बांधून ठेवलं. वर निम्मीच माणसं. मग चौदा सालचा ऑगस्ट आला, लढाई सुरू झाली आणि आजीलाही उठवलं. जुने खलाशी परत आले, नवे भरले. नव्यांत पेट्रॉकचा मेव्हणा होता, झॅकी उग्लो. त्याला डाव्या भट्टीवर नेमलं, कोळसा ओढायला.

निघायच्या सकाळी साल्टॅशच्या धक्क्यावर थर्झानं, म्हणजे पेट्रॉकच्या बायकोनं, दोघांच्या हातात गरम पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, दिल्या. झॅकीच्या पेस्टीवर त्याच्या नावाचं कणकेचं अक्षर चिकटवलेलं, पेट्रॉकच्या नव्हतं.

"माझ्यावर का नाही?" पेट्रॉकनं विचारलं.

"तुझी कोण चोरणार? तुझ्याकडे बघूनच लोक लांब राहतात," थर्झा म्हणाली. मग तिनं त्याला बाही धरून बाजूला ओढलं. "माझ्या आईचं शेंडेफळ आहे तो, पेट. तू वर असशील, तो तळाशी. वर असलेला माणूस पळू शकतो."

"तो माझ्याच दारातून खाली जाणार आणि माझ्याच दारातून वर येणार."

"मग दार सांभाळ," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

शरद ऋतूत आजी खाडीत गस्त घालत होती. एका दुपारी वादळ उठलं. वरच्या झाकणातून लाट आत आली आणि पुढच्या खोलीत घोट्यापर्यंत पाणी झालं. दारं लावायचा हुकूम सुटला. पेट्रॉक तेव्हा झॅकीसाठी कोकोचा डबा घेऊन बोळात आला होता. त्यानं मागे दार लावलं, खिट्ट्या ठोकल्या. बोळातला दिवा गेलेला होता. काळोखात त्याची नजर दाराकडे गेली आणि पाय थबकले. दाराच्या कडेनं उजेडाचा एक बारीक धागा दिसत होता. वरपासून खालपर्यंत, मध्ये तुटलेला, पुन्हा सुरू झालेला. खाली, जिथं धागा जाड होता, तिथून पाणी ओघळत होतं.

शिडीतून झॅकीचं काळं तोंड वर आलं. त्यानं पाणी पाहिलं.

"पेट, तुझा आरसा रडतोय," तो हसत म्हणाला. "कुणी वाईट तोंडाचा आला होता का?"

पेट्रॉक हसला नाही. कोको त्याच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खडू आणला, चौकटीच्या कडेला चारी बाजूंनी फासला, दार घट्ट लावलं आणि उघडलं. कड बसते तिथं रबरावर खडूची सलग रेघ उठायला हवी. इथं थोडी रेघ, मग काही नाही, मग पुन्हा थोडी. म्हाताऱ्याच्या दातांसारखी.

त्यानं बोटीच्या सुताराला बोलावलं. व्हर्को म्हणून होता, दाराखिडक्यांपासून होड्यांपर्यंत सगळं लाकूड-लोखंड त्याच्याकडे. व्हर्कोनं रबरावर नख मारलं. नख टक्‌कन वाजलं.

"याला रंग कोणी दिला?"

"मी."

"रबर मऊ असावं म्हणून देव रबर बनवतो, आणि तू त्याची फरशी केलीस. आणि ही कड? किती वर्षं घासलीस?"

"सगळी."

"तुला एकट्याला बोलून काय करू," व्हर्को म्हणाला. "सबंध बोटीवर हेच आहे. आपण सगळ्यांनी मिळून आजीचे दात पडेपर्यंत तिला दात घासायला लावलंय. गोदीत गेलो की बदलू."

"गोदीत कधी?"

"आजीला कोण आधी घेतंय? नव्या सुनांची रांग लागलीय." तो जायला निघाला, पण पेट्रॉक वाटेतून हलला नाही. तेव्हा व्हर्कोनं सुस्कारा सोडला. "रबर ओढून काढ आणि उलटं बसव. मागची बाजू रंगलेली नसेल. खाली चरबीतला ताग भर, म्हणजे रबर वर येईल आणि कडेला गाठेल. पाचरी झिजल्यात, लोहाराकडून नव्या करून घे. काळं लोखंड असेल, ते बसवायला तुझ्या आरशात भोकं पडतील. कमांडरसाहेबांचं तू बघून घे."

त्यानंतर पेट्रॉकला चैन पडेना. जेवता जेवता उठायचा आणि दाराच्या कडेवरून अंगठा फिरवून यायचा. झोळीत पडला की खाली झॅकीच्या फावड्याचा आवाज ऐकू यायचा आणि तो आवाज थांबला की हा उठून बसायचा. तरी हातोडा उचलायला त्याला बरेच दिवस लागले. खोटं कशाला बोला, त्या दारात त्याची उमर गेली होती. पत्र्यात पहिलं भोक पाडण्याआधी त्यानं त्यात बघून शेवटची दाढी केली, पुसून काढलं आणि मग ड्रिल लावलं.

काम झालं तेव्हा आजी दक्षिणेकडे, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीकडे निघाली होती. दाराला काळ्या पाचरी, फुगलेलं काळं रबर, खिट्ट्यांवर हातोड्याचे वण. दार लावायचं तर आता दोन माणसं लागायची. पण खडूची रेघ सलग उठली, एका खालच्या कोपऱ्यात जराशी पुसट.

रविवारी कमांडर स्टॅन्समोर त्या दारासमोर थांबले. आरशात त्यांचा चेहरा पाचरीनं मधोमध कापलेला दिसत होता.

"हे काय, नान्किव्हेल?"

"दार पाणी धरत नव्हतं, साहेब."

"मग माझ्याकडे यायचं. मी लेखी हुकूम दिला असता. प्रत्येकानं आपल्या मनानं बोटीला भोकं पाडायची म्हटलं तर आपण पोचणार कुठं?" ते रागावून बोलले नाहीत, त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पण नियम म्हणजे नियम. पेट्रॉकच्या बाहीवरची चांगल्या वर्तणुकीची एक फीत गेली.

जेवणाच्या टेबलावर जोएलला तर सणच मिळाला. "आरसेवाल्याचा लोहार झाला रे," तो म्हणाला. "आता दाढी कुठं करणार, पेट? घोड्याचा नाल दे लावून दाराला, शकुनाचा असतो." सगळी खोली हसली. दार लावताना हातोडा घ्यावा लागायचा म्हणून वैतागलेले होते, ते जास्तच हसले.

काही दिवसांनी जोएल एकटाच आला. हातात खडू होता आणि तोंड उतरलेलं.

"मीपण रेघ काढून पाहिली," तो हळूच म्हणाला. "माझी तर तुझ्याहून वाईट आहे. कसं केलंस, दाखव ना."

पेट्रॉकनं बाहीवर फीत उसवल्याची जागा होती, तिकडे पाहिलं. "मागच्या रविवारी पोटभर हसलास ना? या रविवारपर्यंत अजून हसून घे. मग दाखवतो."

जोएलनं मान हलवली. त्याला ते रास्तच वाटलं. रविवार झाला आणि पेट्रॉकनं दाखवलंही, काही हातचं न राखता. स्वतः रबर ओढायला हात लावला. वरची बाजू झाली, उभ्या बाजू झाल्या. खालची बाजू तेवढी राहिली आणि दुसऱ्या सकाळी तोफा सुरू झाल्या.

सामुद्रधुनीतल्या शत्रूच्या किल्ल्यांवर मारा करून आजी वळत होती, तेव्हा ती पाण्यातल्या सुरुंगावर गेली. पुढच्या खोलीखालून धक्का आला. टेबलं छताला लागली, काचा फुटल्या आणि फरशी फाटून हिरवं पाणी आत घुसलं. माणसं मधल्या जिन्यानं वर धावली. जोएल उजव्या दारानं बोळात शिरला, पेट्रॉक डाव्या. शेवटचा माणूस जिन्यावर चढलेला पाहून पेट्रॉकनं आणि एका तोफवाल्यानं दार ओढलं. हातोड्याचा एकेक घाव, एकेक खिट्टी. शेवटची बसली आणि तोफवाला वरच्या शिडीनं आपल्या तोफेकडे गेला.

मग आवाज बदलला. खोलीतलं पाणी वर चढत होतं आणि दार थंड होत चाललं होतं. आधी गुडघ्याशी, मग कमरेशी, मग छातीशी. पेट्रॉकचा तळहात पत्र्यावर होता, पाणी कुठवर आलं ते त्याला हातानंच कळत होतं. खालच्या पुसट कोपऱ्यातून बारीक धार आली. त्यानं टोपी काढून तिथं कोंबली आणि गुडघ्यानं दाबली.

"पेट," शिडीतून झॅकीनं हाक मारली. "वरून हुकूम आलाय, वाफ सोडायची नाही. उजवीकडे पाणी शिरतंय, पुढं जायला आमचीच भट्टी आहे म्हणतात. दार धरतंय का?"

"धरतंय."

"खरं सांग. पोरं विचारतायत. धरत नसेल तर आम्ही आत्ता वर येतो."

पेट्रॉकनं दाराकडे पाहिलं. त्यात त्याला आपलं तोंड दिसलं नाही; ओघळलेलं तेल आणि काळं लोखंड दिसलं. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. कोरडा, कोरडा, कोरडा, ओला.

"धरतंय," तो म्हणाला. "तू कोळसा टाक."

खाली फावडं पुन्हा सुरू झालं.

भिंतीपलीकडे, उजव्या बोळात, जोएलचा हातोडा वाजत होता. तो पाचर ठोकत नव्हता, ते पेट्रॉकला आवाजावरून कळलं. तो दाराला लाकडाचे टेकू देत होता. जोएल ओरडत होता, "झोळ्या आणा, अजून आणा, खाली कोंबा." मग त्याच्या भट्टीवरची माणसं शिडीनं वर येऊन धावल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही व्हा पुढं, मी धरतो." पेट्रॉकला गुडघा काढता येत नव्हता. काढला असता तर कोपरा फुटला असता आणि खाली झॅकी होता. तो तिथंच बसून ऐकत राहिला. हातोड्याचे घाव पडत होते. मग लाकूड घसरल्याचा आवाज झाला आणि हातोडा पुन्हा वाजला नाही.

आजी उजव्या अंगावर कलली, पण बुडाली नाही. एका भट्टीच्या जोरावर, लंगडत, ती संध्याकाळपर्यंत लेम्नोस बेटाच्या उथळ पाण्यात येऊन टेकली. झॅकी शिडीनं वर आला, तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे होते. त्यानं दाराला हात लावला आणि काही थट्टा केली नाही.

उजव्या भट्टीवरची सगळी माणसं वाचली होती. जोएल तेवढा नव्हता.

दुसऱ्या सकाळी कमांडर खाली आले. आधी डावं दार बघितलं, मग उजव्या बोळात तुंबलेलं पाणी. "तुझी फीत तुला परत मिळेल, नान्किव्हेल," ते म्हणाले.

"बाकीच्या दारांचं काय, साहेब?"

कमांडरनी हातमोजा काढून खिशात घातला आणि हात पुढे केला. "खडू आहे का तुझ्याकडे?"

त्यानंतर आजीवर रविवारची पाहणी खडूनं व्हायला लागली. लोक पेट्रॉकला मान द्यायचे. आजी वाचली ती याच्या दारामुळे, असं नव्या पोरांना सांगायचे. पेट्रॉक उठून जायचा. 'या रविवारपर्यंत हसून घे' हे वाक्य जोएल आणि तो, दोघांनीच ऐकलं होतं, आणि आता त्याला ते एकट्यालाच ऐकावं लागत होतं.

माल्टात आजीचं पोट शिवलं. पुढं तिनं अटलांटिकात मालाच्या बोटींची राखण केली, मग तोफा काढून तिला नव्या भरतीच्या मुलांचं वसतिगृह केलं आणि लढाई संपल्यावर काही वर्षांनी ती भंगारात विकली गेली. दोन ओढबोटी तिला न्यायला टेमरच्या तोंडाशी आल्या.

पेट्रॉक तेव्हा पेन्शनवर होता. घरी त्याचं सुख थर्झालाच माहीत. पावसात उठून दाराखालून पाणी येतंय का ते बघायला उंबऱ्याशी बोट लावायचा; तिनं दाराची पितळी कडी घासायला घेतली की टोपी घालून बाहेर निघून जायचा. आजीला न्यायला आलेत असं कळलं त्या सकाळी त्यानं झॅकीला वल्ही घ्यायला लावली.

वर ओढकामावरची मोजकी माणसं होती. त्यांचा मुकादम, कुणी बोल्ट नावाचा, शिडीशी येऊन म्हणाला, "काका, निरोप घ्यायचा तर लवकर घ्या. भरती थांबणार नाही."

"खाली जाऊन येतो. दारं बघायचीत."

"दारं? हिला कापायला नेतोय आम्ही."

"कापायच्या जागी पोचेपर्यंत तरंगायला नको? वर तुझी माणसं आहेत ना?"

बोल्टनं झॅकीकडे पाहिलं. झॅकीनं खांदे उडवले. "जाऊ दे त्याला. माझा जीव तसल्याच एका दारानं राखलाय."

पेट्रॉकनं एकेक दार खडू लावून लावलं, उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं. डावं दार त्याचंच होतं, पाचरी गंजलेल्या, आरशाचा मागमूस नाही. उजवं माल्टाला नवं बसवलं होतं. ते त्यानं सगळ्यांत शेवटी घेतलं. कडेला खडू फासला, दार ठोकून लावलं, उघडलं. रबरावर चारी बाजूंनी रेघ होती, खालच्या बाजूलाही, कुठं तुटलेली नाही. तो वाकून खालच्या रेघेवर अंगठा फिरवत राहिला. मग पुन्हा खडू फासला आणि पुन्हा लावलं.

"पेट, किती वेळा?" झॅकी म्हणाला. "झालंय ते."

"हो."

ते होडीत उतरले. ओढबोटींचे दोर ताणले गेले आणि आजी हलली, जड, उंच, रंग उडालेली. होडी तिच्या लाटेत डुलली.

"बस आता खाली, होडी उलटवशील," झॅकी म्हणाला. पेट्रॉक उभाच होता, डोळ्यांवर हात धरून बोटीची पाण्याची रेघ बघत. थोड्या वेळानं झॅकीनं वल्ही थांबवली.

"धरतंय का?"

"धरतंय," पेट्रॉक म्हणाला. आजी वळणाआड जाईपर्यंत तो बसला नाही.